शाळेच्या फुटबॉल मैदानावर मुलांना गोल्फ शिकवता येईल का?

हो, येईल, फक्त सुरुवात पटिंगपासून, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच घरंगळवत भोकात घालण्यापासून करा. डिचोलीतले आमचे मुख्याध्यापक सर फुटबॉलचे कोच, पण जीव गोल्फवर. शाळा सुटली की ते मैदानाच्या कोपऱ्यातलं गवत बारीक कापून घ्यायचे आणि जमिनीत नारळाची करवंटी पुरायचे. नियमातलं भोक १०८ मिलिमीटर व्यासाचं. मोठी करवंटी जवळपास तेवढीच भरते. चेंडू आत पडल्यावरचा तो ‘टक्’ आवाज ऐकायला पाचवीची पोरं रांग लावायची! ‘खांदे हलव, मनगट नको’ एवढंच सर सांगत, आणि पहिल्या महिन्यात खरंच तेवढं पुरतं. मात्र खरा चेंडू ४६ ग्रॅमच्या आसपास आणि दगडासारखा कठीण असतो, म्हणून मोठे फटके मैदानावर नकोच. चिपिंगला, म्हणजे चेंडू थोडासा उचलून जवळच टाकायच्या छोट्या फटक्याला, पोकळ प्लॅस्टिकचे चेंडू घ्या.