पाचव्या आठवड्यातले केस

तो आत आला तेव्हा डोक्यावर टोपी होती. बसल्यावरही त्याने ती काढली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. ‘पहिल्या तासाला सतत गैरहजर’ एवढीच नोंद त्याच्या सरांनी समुपदेशक म्हणून माझ्याकडे पाठवली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले: झोप, घर, अभ्यास, मित्र. सगळ्याला एकच उत्तर, “ठीक आहे, मॅडम.” पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली आणि मग तो टेबलाकडे बघत म्हणाला, “हसणार नाही ना? मला कोणता हेअरकट करावा तेच ठरवता येत नाहीये.”

मी हसले नाही, पण मनात ‘एवढंच?’ असं आलं खरं. हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. दिसायला स्टायलिश हवं, पण रोजची कटकट नको. आजवर मी तो दोन वाक्यांत उडवून लावत आले होते: काहीही कर, वाढतातच की केस. या मुलाच्या बाबतीत तसं करता आलं नाही, कारण त्याने पुढे जे सांगितलं त्यात त्याच्या गैरहजेरीचा सगळा हिशोब होता.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने मोबाइलवरचा एक फोटो दाखवून कट करून घेतला होता. बाजूंना स्किन फेड, म्हणजे कानाजवळ कातडी दिसेल इतकं बारीक आणि वर चढत चढत दाट. डोक्यावर लांब केस, मागे वळवलेले. “सलूनमधून बाहेर पडलो तेव्हा एक नंबर दिसत होतो,” तो म्हणाला, “दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि संपलं.” त्याचे केस मुळात लहरी, म्हणजे नागमोडी वळणाचे. ते मागे राहायला तयारच नव्हते. मग पाणी, जेल, ड्रायर, परत पाणी. रोज 25 मिनिटं. दहाव्या-बाराव्या दिवशी बाजूचे केस ब्रशसारखे उभे राहायला लागले आणि टोपी आली. वर्गात टोपी काढायला लावणाऱ्या सरांचा तास नेमका सकाळचा पहिला.

पुढचा कट चुकू नये म्हणून त्याने 63 फोटो जमवले होते. “यातला एक तुम्ही सांगा,” म्हणून त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. मी सगळे पाहिले. बहुतेकांचे केस सरळ आणि दाट, ताजे कापलेले, ड्रायरने नीट बसवलेले, समोरून छान उजेड. मी विचारलं, “यातला एखादा कट झाल्यावर पाचव्या आठवड्यात काढलेला आहे का?” त्याने बरंच वर-खाली केलं. एकही नव्हता.

मला स्वतःला केशरचनेतलं काही कळत नाही. त्यामुळे पुढच्या भेटीआधी मी माझ्या मुलाचे केस कापणाऱ्या दादांना गाठलं. त्यांनी खुर्ची फिरवता फिरवता एक गोष्ट सांगितली: लोक फोटो दाखवतात, पण सकाळी आपल्याकडे किती वेळ आहे ते कोणी सांगत नाही. आणि मग त्यांनी मशीनचे नंबर समजावले, त्यातून मला तो सगळा प्रकार उलगडला.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला अडीच-तीन मिलिमीटर. वाढ सगळ्या डोक्यावर जवळपास सारखी, पण ती सगळीकडे सारखी दिसत नाही. बहुतेक मशीनवर एक नंबर लावला की 3 मिलिमीटर केस उरतात, दोनला 6, तीनला जवळपास 10, चारला 13. आता एक नंबरने कापलेली बाजू आठवड्याभरात दुप्पट होते. चार नंबरची दुप्पट व्हायला महिन्याहून जास्त लागतो. डोक्यावरच्या 6 सेंटीमीटरमध्ये तर महिन्याची वाढ जेमतेम पाचवा हिस्सा. स्किन फेडची सगळी मजा शून्यापासून वर चढत जाणाऱ्या छटेत असते, आणि ती छटा पहिल्या आठवड्यातच पुसट व्हायला लागते. ती टिकवायची तर दोन-अडीच आठवड्यांनी खुर्चीत बसावंच लागतं. कट वाईट नव्हता, कापणाऱ्याचीही चूक नव्हती. त्या कटचं आयुष्यच तेवढं.

हे सांगितल्यावर तो जरा सैल झाला. इतके दिवस त्याला वाटत होतं की इतरांना जमतं ते फक्त आपल्याला जमत नाही.

‘कमी कटकट’ या शब्दाचीही आम्ही तेव्हाच फोड केली. कटकट दोन प्रकारची असते, रोज सकाळची आणि महिन्याची. बझ कटला, म्हणजे सगळ्या डोक्यावर मशीनने सारख्याच बारीक कापलेल्या केसांना, सकाळी काहीच करावं लागत नाही, पण तो नीटनेटका ठेवायचा तर दोन-तीन आठवड्यांनी मशीन फिरवावंच लागतं. खांद्यापर्यंत केस वाढवले तर सलूनला महिनोन् महिने सुट्टी, पण धुवायला, वाळवायला, गुंता काढायला रोज वेळ द्या. दोन्हीकडून फुकट असा कट मला तरी कोणी दाखवलेला नाही. “तुला कुठली कटकट जास्त जाचते?” मी विचारलं. तो लगेच म्हणाला, “सकाळची. सलूनमध्ये बसायला मला आवडतं, उलट.” निवडीचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला होता.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्याला काम दिलं. शनिवार-रविवार जेल नाही, ड्रायर नाही. केस धुवायचे, टॉवेलने टिपायचे, आपोआप वाळू द्यायचे आणि समोरून, बाजूने, मागून फोटो काढायचे. शिवाय आठवडाभर सकाळी आरशासमोर किती मिनिटं गेली ते लिहायचं.

पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन आला. 22, 31, 18, 27 असे आकडे आणि मधेच एक 4. त्या दिवशी म्हणे गजरच वाजला नाही. घाईत टोपीही राहिली. “मग केस कसे दिसत होते?” “बघितलंच नाही.” “कोणी काही बोललं?” तो थांबला. आठवून पाहिलं. “नाही. म्हणजे… माझ्या शेजारच्याने वही मागितली.”

इथे मी त्याला एक जुना प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, त्या वयाच्या मुलांना घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांनी तो गायक ओळखला असेल, असं नंतर विचारल्यावर त्यांचा अंदाज आला जवळजवळ निम्म्यांचा. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनाच सांगता आलं. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रात याला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ म्हणतात. आपल्यावर झोत पडलाय असं आपल्याला वाटतं, बाकीचे आपापल्या झोतात उभे असतात.

असे प्रयोग ऐकून पोरं मान डोलावतात आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतात, हे मला माहीत आहे. म्हणून मी त्याला विचारलं, “वही मागणाऱ्या तुझ्या मित्राचा भांग कुठल्या बाजूला आहे?” दीड वर्ष शेजारी बसणारा मित्र. त्याला सांगता येईना. “तो भांग पाडतो का, तेही नक्की माहीत नाही,” म्हणाला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मोकळेपणी हसला.

फोटोंवरून आणखी एक गाठ सुटली. “आरशात ठीक दिसतं, पण फोटोत मी वाकडाच दिसतो,” अशी त्याची तक्रार होती. आरशात आपला भांग उलट्या बाजूला दिसतो आणि तोच चेहरा आपण जन्मभर पाहत आलेलो असतो. फोटो आपल्याला इतरांच्या डोळ्यांनी दाखवतो, म्हणून तो परका वाटतो. 1977 सालच्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला होता, तर त्यांच्या मित्रमंडळींना त्याच चेहऱ्याचा सरळ फोटो. ज्याला जे पाहायची सवय, त्याला ते बरं. सेल्फीवरून कट ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

बिनजेलच्या फोटोंत त्याच्या केसांचं खरं वळण दिसलं. टाळूच्या जरा मागे एक जोरकस भोवरा, आणि समोरचे केस आपणहून कपाळाकडे, थोडे उजवीकडे वळलेले. तो जो कट सांभाळायला धडपडत होता, तो नेमका याच्या उलट्या दिशेचा होता. रोजची पंचवीस मिनिटं तो स्वतःच्याच केसांशी कुस्ती खेळत होता. मग 63 फोटोंतून आम्ही लहरी केसांचे, पुढे येणारे तेवढेच ठेवले. राहिले पाच.

शेवटी जे ठरलं ते वाचताना फारच साधं वाटेल. बाजूंना चार नंबर किंवा कात्रीच, फक्त कल्ल्यांजवळ आणि मानेवर हलका टेपर, म्हणजे खाली येताना हळूहळू बारीक होत जाणारे केस. वर पाच-सहा सेंटीमीटर, टोकं थोडी असमान ठेवून लहर मोकळी सोडायची, केस पुढेच पडू द्यायचे. भोवऱ्यापाशी मात्र फार आखूड करायचं नाही, तिथे आखूड झालेले केस ताठ उभे राहतात. लांबी असली की स्वतःच्या वजनाने बसतात. दादांनी आणखी एक बजावलं होतं, लहरी केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, तेव्हा पहिल्या खेपेला थोडे जास्तच ठेवायला सांगावं. कमी करता येतात, चिकटवता येत नाहीत.

सलूनमध्ये हे कसं सांगायचं याचा आम्ही चक्क सराव केला. हसू नका. खुर्चीत बसल्यावर अंगावर कापड पडलं की भल्याभल्यांची वाचा बसते आणि “नेहमीसारखंच करा” एवढंच तोंडातून निघतं. त्याचं वाक्य असं तयार झालं: “दादा, मी सकाळी पाच मिनिटांच्या वर देत नाही, आणि परत पाच-सहा आठवड्यांनी येणार. त्या बेताने कापा.” त्याबरोबर निवडलेला एक फोटो आणि स्वतःचा वाळलेल्या केसांचा एक फोटो. माझ्या मते यातला दुसराच जास्त कामाचा.

दारात उभं राहून त्याने विचारलं, “घरचे म्हणतात एकदा झिरो मार, दाट येतील. खरं का?” नाही. कात्री किंवा वस्तरा बाहेरच्या केसाला लागतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. कापून पुन्हा वाढणाऱ्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून आधीच तपासून घेतली होती, आणि असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडून घेते. दिसण्याचा विचार दिवसातला तासाहून जास्त वेळ खातोय का, पुन्हा पुन्हा आरसा बघितल्याशिवाय किंवा कोणाला तरी ‘ठीक दिसतंय ना’ विचारल्याशिवाय चैन पडत नाही का, आणि कट चांगला झाला तरी तो विचार दुसऱ्या कुठल्या ‘दोषा’वर उडी मारतो का. याचं उत्तर हो असेल तर प्रश्न केसांचा राहत नाही. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार असू शकतो, तो उपचारांनी आटोक्यात येतो, आणि तिथे मी लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. तसंच नाण्याच्या आकाराची चकती पडून केस गेले असतील तर गाठायचे ते त्वचारोगतज्ज्ञ. रोज 50 ते 100 केस गळणं मात्र नेहमीचं आहे. उशीवरचे केस मोजत बसू नये. या मुलाचं यातलं काहीच नव्हतं. एक न जुळणारा कट, आणि त्यातून सुरू झालेलं तोंड लपवणं.

पुढचे दोन महिने तो आला नाही. सरांकडून कळलं की पहिल्या तासाला दिसतो. मग एक दिवस दार वाजलं. प्रोजेक्टच्या गटात कोणीच काम करत नाही, सगळं याच्यावर पडतंय, अशी तक्रार होती. आम्ही अर्धा तास त्या गटावर बोललो. कोणाला काय सांगायचं, सरांकडे कधी जायचं. जाताना दप्तर खांद्यावर टाकून तो थांबला.

“मॅडम, तुम्ही काहीच विचारलं नाहीत.”

“कशाबद्दल?”

त्याने डोक्याकडे बोट केलं. “पाचवा आठवडा चालू आहे.”

तेव्हा कुठे मी त्याच्या केसांकडे पाहिलं.