मुलगा सारखं पाणी पितोय, रात्री लघवीला उठतोय, वजनही उतरलंय. साखर कधी तपासावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगा १४ वर्षांचा, नववीत. गेले तीन आठवडे तहान भागत नाही, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो, जेवण भरपूर आहे तरी पँटला आता पट्टा लागतो. घरचे म्हणतात, उन्हाळा आहे, उंचीही वाढतेय. घराण्यात कुणालाच डायबेटिस नाही. परीक्षा झाल्यावर उपाशीपोटी रक्त तपासलं तर चालेल का?

नाही चालणार. परीक्षेपर्यंत तर नाहीच, उद्या सकाळपर्यंतही नको. आज, आत्ता, तो काय आणि कधी जेवलाय याचा विचार न करता बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघा. ‘उपाशीपोटीच तपासायचं’ हे आपल्या डोक्यात मोठ्या माणसांच्या डायबेटिसमुळे बसलंय. अशी लक्षणं असलेल्या मुलासाठी कुठल्याही वेळेची साखर पुरते, आणि इथे एकेक दिवस मोलाचा असतो.

ग्लुकोमीटर शेजारच्या आजोबांकडेही मिळेल, फॅमिली डॉक्टरांकडे तर असतोच. सुई मात्र नवीन हवी, दुसऱ्याची वापरलेली अजिबात नको. मुलाला आधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करायला सांगा. आंबा किंवा केळं खाल्लेल्या हाताने तपासलं तर बोटावरची साखर मोजली जाते आणि आकडा खोटाच वर जातो. सॅनिटायझर वापरलंत तर ते पूर्ण सुकू द्या. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा; झाकण उघडं राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या दमट हवेत खराब होतात. सुई बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. थेंब काढायला बोट जोरात पिळू नका.

आता आकड्याचं (साखरेचे सगळे आकडे मिग्रॅ/डेसिलिटरमधले, आपल्याकडच्या मशीनवर दिसतात तसे). या लक्षणांसोबत २०० किंवा त्याहून जास्त आलं, तर तो डायबेटिस आहे असं धरूनच चालायचं आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, बालरोगतज्ज्ञ असलेलं हॉस्पिटल गाठायचं. आकड्याच्या जागी ‘हाय’ अशी अक्षरं आली, तर मशीन बिघडलेलं नाही. साखर त्याच्या मोजण्याच्या पलीकडे, म्हणजे बहुतेक मशीनमध्ये ५०० किंवा ६०० च्या वर आहे. १४० ते १९९ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घ्या. १४० च्या आत आलं तर जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा बघा. तेव्हाही ठीक आलं तरी इतकी तहान आणि इतकी लघवी यांचं दुसरं कारण शोधायलाच हवं, म्हणून डॉक्टरांची भेट टाळू नका.

उन्हाळ्याची तहान आणि ही तहान ओळखायची एक सोपी खूण आहे. उन्हामुळे तहान लागते तेव्हा पाणी घामावाटे गेलेलं असतं, त्यामुळे लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. साखर वाढल्यावर उलटं होतं: लघवी भरपूर आणि पाण्यासारखी फिकट. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवून ठेवता येत नाही. साखर लघवीत उतरते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते. म्हणजे मुलगा जास्त पाणी पितो म्हणून लघवी होत नाहीये, लघवी होतेय म्हणून तो पाणी पितोय. हे उलटं समजून कुणी कुणी मुलाचं पाणी तोडतात. तसं कधीही करू नका.

उंचीचंही तसंच. वाढीच्या वयात मूल शिडशिडीत दिसतं हे खरं, पण काट्यावरचा आकडा पुढेच जात असतो. १४ वर्षांच्या मुलाचं वजन तीन आठवड्यांत उतरणं हे वाढीचं लक्षण कधीच नसतं. साखर पेशींमध्ये पोचवणारं इन्सुलिन हे संप्रेरक नसल्यामुळे खाल्लेली साखर आत शिरत नाही, मग शरीर चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. म्हणून भूक वाढते आणि वजन उतरतं, दोन्ही एकदम.

आणि घराण्यात कुणाला नाही, यावर तर अजिबात विसंबू नका. टाइप १ डायबेटिस होणाऱ्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही. मुलाला किंवा स्वतःला दोष देण्यात एक मिनिटही घालवू नका.

घाई कशासाठी, तेही सांगते. चरबी जाळताना रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. तहान-लघवीच्या टप्प्यावर पकडलं तर इन्सुलिन सुरू होतं, काही दिवसांत मूल तरतरीत दिसू लागतं. तो टप्पा हुकला की उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, मग गुंगी. याला डॉक्टर डीकेए (डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस) म्हणतात. यात जीव जाऊ शकतो. टाइप १ मध्ये पहिल्या तहानेपासून इथपर्यंत यायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही दिवसच.

नेमकी इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. उलट्या आणि पोटदुखी दिसली की ‘बाहेरचं खाल्लं असेल’ किंवा ‘अपेंडिक्स असेल’, श्वास लागला की ‘दमा, न्यूमोनिया’. फरक लघवीवरून कळतो. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलेलं मूल तासन्‌तास लघवीला जात नाही. ज्याला उलट्या होतायत, ओठ सुकलेत आणि तरीही लघवी भरपूर होतेय, त्याची साखर तिथल्या तिथे बघायलाच हवी. अशक्तपणा म्हणून ग्लुकोज पावडर, उसाचा रस, कोल्ड्रिंक देऊ नका. ३०० मिली कोल्ड्रिंकमध्येच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. साधं पाणी द्या. आणि कुणी ‘ताकदीची सलाईन’ लावायला निघालं, तर ‘आधी बोटातून साखर बघा’ असं स्पष्ट म्हणा. संकोच नको. त्या बाटलीत बऱ्याचदा डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच असते. डीकेए असेल तर सलाईनचा वेग आणि इन्सुलिनचं प्रमाण तासातासाला मोजून द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून मुलांचा आयसीयू असलेलं ठिकाण बरं.

हे झालं झपाट्याने येणाऱ्या प्रकाराचं. किशोरवयात दुसरा प्रकारही असतो, टाइप २, आणि तो अगदी गुपचूप येतो. तुमच्या मुलाची लक्षणं तशी वाटत नाहीत, पण हा प्रश्न शोधत इतर पालकही येतील, म्हणून लिहिते.

यात वर्षानुवर्षं काहीच दुखत-खुपत नाही. दिसते ती मान. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत, कधी जांघेत त्वचा काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते; आसपास बारीक चामखिळी असतात. घरोघरी हा मळ समजून डाळीच्या पिठाने, वजरीने घासला जातो, आणि मुलीला ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात. तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनने त्वचेची वाढ होते. घासून ती जात नाही, उलट जास्त काळी पडते. वजन आटोक्यात आलं की हळूहळू फिकी होते. सरसकट डायबेटिस आहे असा याचा अर्थ नाही, पण तपासणी करायला एवढं कारण पुरेसं आहे.

दुसरी खूण कंबर. मोजपट्टी बेंबीच्या जरा वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडल्यावर मोजा. उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर पोटात चरबी साठतेय. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं अशी मुलं खूप असतात. नुसत्या वजनावर गेलं तर ती सुटून जातात. मुलीची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी अनियमितच असेल, चेहऱ्यावर जाड केस येत असतील, किंवा गरोदरपणात आईला डायबेटिस झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. वजन जास्त आणि यातली एक तरी गोष्ट, असं असेल तर दहाव्या वर्षापासून (पौगंडावस्था आधी आली तर तेव्हापासून) तपासावं आणि ठीक आलं तरी निदान दर तीन वर्षांनी पुन्हा बघावं.

इथे मात्र निवांतपणे, लॅबमध्ये. आठ तास उपाशी, पाणी चालतं. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ पासून पुढे डायबेटिस. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १४० च्या आत ठीक, २०० पासून डायबेटिस. मुलांना हे ग्लुकोज वजनावर देतात, किलोमागे १.७५ ग्रॅम आणि जास्तीत जास्त ७५. म्हणजे ३६ किलोच्या मुलीला ६३ ग्रॅम; तिला मोठ्यांचं अख्खं पाकीट पाजायचं नसतं. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खाऊ द्या, मुद्दाम तोडली तर निकाल फसवा येतो. लक्षणं नसताना एकच आकडा वाढलेला आला तर दुसऱ्या तपासणीने खात्री केल्याशिवाय मुलावर शिक्का मारू नये.

तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीए१सी, सोयीची आहे: ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून डायबेटिस. पण आपल्याकडे तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवायला माझा विरोध आहे. लोह कमी असलेल्या मुलींमध्ये ती उगाच वाढलेली दिसू शकते, आणि अ‍ॅनिमिया आपल्या किशोरवयीन मुलींत किती आहे हे आपण जाणतोच. उलट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल बराच आढळतो. तिथल्या कुटुंबांनी साखरेच्या थेट तपासणीचाच आग्रह धरावा. हिमोग्लोबिन सोबत करूनच घ्या.

साखर कमी होण्याबद्दलही विचारणा असते. शाळेत प्रार्थनेला उभं राहून चक्कर आली की ‘शुगर लो झाली’ असं पटकन म्हटलं जातं. डायबेटिसचं औषध न घेणाऱ्या मुलात तसं क्वचितच होतं. बहुतेकदा उभं राहून रक्तदाब उतरलेला असतो. इन्सुलिन घेणाऱ्या मुलात मात्र ७० च्या खाली गेलं की लगेच हालचाल हवी. खुणा अशा: हात थरथरणं, थंड घाम, एकाएकी चिडचिड, बोलण्यात गोंधळ. तीन-चार सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

टाइप १ निघाला, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कारल्याचा रस नाहीतर जांभळाच्या बियांची पूड सुचवेल. इन्सुलिनची जागा यातलं काहीच घेऊ शकत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत इन्सुलिन फार कमी लागतं, कारण उरलेल्या पेशी थोडा काळ सावरतात. नेमकं तेव्हाच ‘त्या पुडीने बरं वाटलं’ म्हणून इंजेक्शन बंद केलं जातं आणि मूल डीकेएमध्ये जातं. जगात पहिल्यांदा इन्सुलिन मिळालेला रुग्ण, टोरांटोचा लेनर्ड थॉम्पसन, तुमच्या मुलाएवढाच १४ वर्षांचा होता. ते साल १९२२. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे काही करता येत नसे. तो पुढे १३ वर्षं जगला. आज ही मुलं नेमाने इन्सुलिन घेऊन शिकतात, खेळतात, संसार करतात.

तेव्हा आज संध्याकाळी त्याचं वजन करा आणि शाळेच्या आरोग्यपत्रकावर जुनं वजन असेल तर ते शेजारी लिहा. रात्री किती वेळा उठतो, उलटी झाली का, गेल्या महिन्यात स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन झालंय का, तेही त्याच कागदावर. पण कागद पूर्ण व्हायची वाट बघू नका, साखर आधी. आकडा २०० किंवा त्याच्या वर आला तर इथे मला विचारायला परत येऊ नका, थेट गाडीत बसा.