पहिल्या बाळंतपणाची बॅग
अगं, 36वा आठवडा लागला की बॅग भरून ठेव. ती कुठे आहे हे नवऱ्यालाही माहीत हवं.

आधी फाइल: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, विम्याचे कागद. रात्री दोन वाजता काउंटरवर हेच मागतात, झबली नाही!

तुझ्यासाठी:
- पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन
- मॅटर्निटी पॅड. नेहमीचे पुरत नाहीत
- उंच कमरेच्या सैल निकर. सिझर झालंच तर इलॅस्टिक टाक्यांवर रुततं.

बाळाला झबली, लंगोट, टोपडं, जुन्या सुती साडीची दुपटी. बहुतेक जणी इथे चुकतात: कोरे कपडे न धुता नेतात, नाहीतर स्वेटरांनीच बॅग फुगवतात. गुटी आणि मध घरीच राहू दे, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. लांब वायरीचा चार्जर मात्र घेच.