आमच्या सोसायटीत रात्री पत्र्यावर मांजरासारखा, लांब शेपटीचा काळा प्राणी फिरतो. तो मसण्याऊद आहे का? पिंजरा लावून पकडावा का?

हो, तोच. पुस्तकी नाव उदमांजर. नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळातला नाही, जवादी मांजराच्या कुळातला. दोघांत गल्लत होते म्हणून शेपटी बघा: जवादीच्या शेपटीवर काळी-पांढरी कडी असतात, याची सरळ काळी. शिवाय जवादी बहुतेक जमिनीवर वावरते, हा झाडावरचा गडी.

मसणातली मढी उकरतो म्हणून याला बदनाम केलंय, पण याचं मुख्य खाणं फळं. जोडीला उंदीर, किडे, कधी पक्ष्यांची अंडी. एरंडवण्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर सकाळी विष्ठेचा ढीग दिसतो आणि त्यात चिकूच्या, जांभळाच्या बिया जशाच्या तशा असतात. झाडं लावायचं काम हा फुकटात करतो. इंडोनेशियाची ती महागडी कोपी लुवाक कॉफी याच्याच विष्ठेतल्या बियांची. (त्यासाठी याला पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळं चारतात, त्यामुळे मी ती पिणार नाही.)

शास्त्रीय नावाची तर गंमतच आहे. पाल्लास या शास्त्रज्ञाने १७७७ मध्ये दिलेल्या नावात ‘हर्माफ्रोडिटस’ म्हणजे उभयलिंगी असं आहे. नर-मादी वेगवेगळेच असतात, पण दोघांच्याही शेपटीखाली वृषणासारख्या दिसणाऱ्या गंधग्रंथी असतात. घाबरला की त्यातून उग्र वासाचा स्राव सोडतो.

आता पिंजरा. लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने याला संरक्षण आहे, पकडणं गुन्हा ठरतो. आणि एक नेलात तरी चिकू, आंबा आणि माळ्याची फट तिथेच आहे, दुसरा येईल. माळ्यावर दणदण आवाज येत असेल तर आधी पिल्लं आहेत का ते वनविभागाला बघू द्या. ती मोठी होऊन बाहेर पडली की फटीला जाळी ठोका. कचऱ्याचे डबे रात्री झाकून ठेवा.

मुलांच्या अंगावर आपणहून येत नाही, पण कोंडीत धरलं तर चावतो. चावलाच तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर दूध पाजत बसू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.