पहिल्या क्लायंटला डाएट चार्ट देण्याआधी

ट्रेनर म्हणून पहिला क्लायंट मिळाल्याबद्दल अभिनंदन, मित्रा! फक्त पहिल्याच दिवशी छापील चार्ट हातात ठेवू नकोस, नवे ट्रेनर हमखास इथेच चुकतात. आधी ७ दिवस क्लायंट जे खातात ते त्यांना लिहून आणू देत: चहातली साखर, उपासाची साबुदाणा खिचडी, फोडणीचं तेलसुद्धा. १५ मिली तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि घरात ते कुणी मोजत नाही.

मग दोनच बदल:
- प्रत्येक जेवणात प्रथिनं: अंडी, मटकीची उसळ, पनीर, घट्ट वरण
- तेल चमच्यानं मोजून

भात-भाकरी तोडू नकोस, माणूस पंधरवड्यात कंटाळून जिम सोडतो. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरलं तरी उत्तम. मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर आहारतज्ज्ञांकडेच पाठव, त्यात कमीपणा नाही. मॅक्रोची (प्रथिनं, कर्बोदकं, चरबी यांच्या प्रमाणाची) गणितं पुढच्या महिन्यात बघू.