सोलापूरला इक्सी (एकेक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं) केली, ९ बीजं मिळाली, एकही फलित झालं नाही. पुढच्या वेळी लॅब काही वेगळं करू शकते का?

हो, शुक्राणू सोडल्यानंतर बीजं कॅल्शियम आयनोफोरच्या (बीजातलं कॅल्शियम वाढवणारं रसायन) द्रावणात साधारण १०-१५ मिनिटं ठेवून, धुऊन पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवता येतात. शुक्राणूतलं पीएलसी-झीटा हे प्रथिन बीजात कॅल्शियमच्या लाटा उठवतं आणि तिथून फलन सुरू होतं. ते कमी असेल, किंवा शुक्राणूंची डोकी गोल असतील, तर इक्सी करूनही बीज ढिम्म राहतं. आयनोफोर ही उणीव भरून काढू शकतं.

पण आधी सेंटरकडून एम्ब्रियॉलॉजीचा (लॅबमध्ये बीजांचं काय झालं याचा) लेखी रिपोर्ट मागा. त्यात हे बघा:
- ९ पैकी एम-टू, म्हणजे पूर्ण पिकलेली बीजं किती?
- इक्सीच्या वेळी किती फुटली?
- १६-१८ तासांनी दोन प्रोन्यूक्लियस (फलन झाल्याची खूण असलेली केंद्रकं) कशातच दिसले नाहीत का?

बीजं कच्ची होती तर आयनोफोरचा उपयोग नाही. मग इंजेक्शनांचा डोस आणि ट्रिगर (बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) ते बीज काढणं हे अंतर (साधारण ३५-३६ तास) तपासायला हवं. शुक्राणू हलतच नव्हते, तर वृषणातून घेतलेले वापरण्याचा विचार होतो. आयनोफोर प्रत्येक लॅबमध्ये तयार नसतं, त्यामुळे सोलापूर असो की पुणे, इंजेक्शनं सुरू करण्याआधीच विचारा. सरसकट सगळ्यांना मात्र ते वापरत नाहीत.