बाळंतपणानंतर अंगठ्याच्या बाजूने मनगट का दुखतं? बरं होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ चार महिन्यांचं आहे, त्याला उचललं की अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ येते. सासूबाई म्हणतात वात शिरला, मिस्टर म्हणतात मोबाइल कमी कर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा बाळंतिणी आमच्याकडे नेहमीच येतात, आणि बहुतेकींचं कारण बाळाला उचलण्याच्या पद्धतीत सापडतं.

वर्णनावरून हा डी कर्व्हेनचा आजार वाटतो. या नावाच्या स्विस सर्जनने १८९५ साली त्याचं वर्णन केलं. अंगठा हलवणाऱ्या दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटाच्या कडेला हाडावरच्या एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याचं आवरण जाड झालं की टेंडन घासत, अडकत सरकतात. काखेत हात घालून बाळ उचलताना अंगठे ताठ फाकलेले आणि मनगट करंगळीकडे झुकलेलं असतं, म्हणजे सगळा भार याच दोन टेंडनवर. अंगठा मुठीत दाबून मनगट हलकेच करंगळीकडे झुकवून बघा. थोडा ताण कुणालाही जाणवतो, पण नेमकी तिथेच झणझणीत कळ आली तर शंका पक्की. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र प्रकरण वेगळं, ते कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबण्याचा त्रास, असू शकतं.

आता उचलणं बदला. एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठ-मानेखाली, तळवे वर आणि अंगठा बोटांना चिकटलेला. पाजताना बाळाचं डोकं पंजात धरू नका. कोपराजवळ घ्या, खाली उशी ठेवा. लंगोट पिळायचं काम मिस्टरांकडे द्या, मोबाइलवर मत देण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.

सर्जिकलच्या दुकानातून अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट आणा. नुसता मनगटाचा पट्टा किंवा क्रेप बँडेज बांधून अंगठा मोकळाच राहतो, पैसे वाया. तीन-चार आठवडे वापरा, आंघोळीला काढा. मालिशवाल्या बाईंना ती जागा रगडू देऊ नका. 'शीर मोकळी करते' म्हणून दाबलेली मनगटं आमच्याकडे जास्त सुजून येतात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना 'पाजतेय' असं सांगूनच घ्या.

एवढं करून फरक नाही पडला तर ऑर्थोपेडिक डॉक्टर त्या बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. नावाला घाबरू नका, पाजणाऱ्या आईलाही ते सहसा देता येतं आणि पुष्कळदा एकातच काम होतं. त्या जागची त्वचा फिकी पडू शकते, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, हे आधी विचारून घ्या. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते, तेही जागा बधिर करून होतं.

बरं होतं, हो. पाजणं कमी झालं की पुष्कळ जणींचं आपोआप उतरतं, पण यासाठी दूध तोडायचं काहीच कारण नाही. मनगट लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.